शेवळं मस्कतला, काकडं कुवेतला

लोक घरात कोंडले जातात. मी मस्कतला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात घराबाहेर कोंडली गेले.

शहापूरच्या माझ्या माहेरच्या दाराला कडी. मुरबाडच्या सासरच्या दाराला कडी आणि वर अडसर. म्हणजे दार हे माणसानं लावायचं असतं, अशी आपली माझी समजूत. मस्कतच्या इमारतीतलं दार मात्र स्वतःच्या मर्जीनं लागायचं! मी तांदूळ पाखडायला सूप घेऊन बाहेर बसले आणि मागे खट्! (सूप मुरबाडहून नेलं होतं, विमानात मांडीवर ठेवून. हसायचं काम नाही, तिथे सूप मिळत नाही.) आमचे हे कामावर, चावी आत, मी अनवाणी.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. एक उंच बलुची बाई माझ्याकडे, मग सुपाकडे, मग दाराकडे बघून म्हणाली, "बंद? कोई बात नहीं. आओ." हिंदी सिनेमे बघून बघून तिला हिंदी येत होती. ना ओळख ना पाळख, पण तिनं स्वतःच्या चपला माझ्या पायात घातल्या, चहा पाजला, खजूर चारले आणि संध्याकाळी हे आल्यावर मला त्यांच्या ताब्यात दिलं, वर डबाभर हलवा! ही सलमाची आई. एवढ्या मोठ्या मस्कतमध्ये माझ्याशी बोलणारी ही एकटीच.

आणि खरी कटकट त्या डब्यापासून सुरू झाली.

"डबा रिकामा द्यायचा नाय हां," ह्यांनी बजावलं. "मुरबाडची माणसं हाव आपण."

"आणि आमच्या शहापूरला काय रिकामे देतात?"

मी डब्यातून तांदळाची गोड तळलेली बोरं दिली. दुसऱ्या दिवशी डबा बिर्याणी घेऊन परत! मी घावने दिले, मासे आले. मी पुरणपोळ्या दिल्या, अख्खी कोंबडी आली. मग कळलं, रिकामं भांडं परत करायचं नाही ही पद्धत त्यांच्यातही आहे. जगातल्या सगळ्या चांगल्या चालीरीतींना भेटायला माझाच जिना सापडला! वर्षभर त्या डब्याला विश्रांती नाही आणि मला चुलीपासून सुटका नाही.

अशात एकदा सलमाची आई हात धरून म्हणाली, "बहन, जुम्मे को लड़के की माँ आएगी. उसको हिंदी खाना बहुत पसंद. तू कुछ बना." (तिकडे हिंदी म्हणजे आपलं, भारतीय.) सलमाची दोन स्थळं आधीच फिसकटली होती. बाईचा जीव टांगणीला लागला होता. मी म्हटलं, इथे कोंबडी-पुलाव नको. जन्मात खाल्लं नसेल असं काहीतरी करू.

(तसंच झालं.)

मी मुरबाडला फोन लावला. दिवस शेवळांचे होते. शेवळं म्हणजे आमच्या रानात पावसाळ्याच्या तोंडाला जमिनीतून वर येणारे कोंब. कोलंबी घालून केले की माणूस ताट चाटतो. पण नुसते केले तर घसा असा खाजतो की विचारू नका. म्हणून त्यांत काकडं घालायची. काकडं ही रानातलीच आंबट हिरवी फळं, शेवळांची खाज तीच मारतात. काकडांशिवाय शेवळं करायची नसतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

सासूबाई म्हणाल्या, "शेवळं देते गो सुधाकरकडं. पण काकडं नाय गावली यंदा. तुझ्या आयेला सांग." सुधाकर हा वाशिंदचा, ह्यांच्याच कंपनीतला, सुट्टी संपवून परत येणार होता. मी शहापूरला आईला सांगितलं. आई म्हणाली, "देते गो. तू निवांत ऱ्हा."

शुक्रवारी सकाळी सुधाकर आला. पेपरात गुंडाळलेली शेवळं ताजी, टवटवीत!

"आणि काकडं?"

"कसली काकडं वहिनी? माझ्याकडं कोन आलंच नाय."

पुन्हा फोन. आई ठणठणीत आवाजात म्हणाली, "अगो, दिली की! मी सवता वाशिंदला जाऊन दिली. पोरगा बॅगच भरत होता."

"नाव काय त्याचं?"

"नाव कशाला विचारू? परदेशी चाललाय म्हटला, दिली."

"अगं, पण कुठल्या परदेशी?"

आई वैतागून म्हणाली, "आता परदेश काय धा-बारा हायेत काय गो?"

सुधाकरनं वाशिंदला फोन लावला तेव्हा कळलं, त्याच आठवड्यात तिथून आणखी एक पोरगा परदेशी निघाला होता. काकडं कुवेतला गेली होती!

मी डोक्याला हात लावून बसले. पाहुणे दुपारी यायचे, शेवळं उद्यापर्यंत टिकायची नाहीत. तेव्हा आयुष्यात कधी चहासुद्धा धड न केलेल्या आमच्या ह्यांनी सल्ला दिला, "चिंच घाल मूठभर. खाजच काय, खाजेचा बाप पळंल!"

आणि मी, शहापूरची लेक, मुरबाडची सून, त्या माणसाचं ऐकलं.

भाजी झाली. वास असा सुटला की सुधाकर जिन्यातून परत आला. मी चमचाभर चाखली. काही नाही! घसा ठीक. पुन्हा चाखली. फक्कड! डबा भरला, सलमाच्या आईच्या हातात दिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. घरी येऊन मी पंख्याखाली टेकले आणि घशात काहीतरी हललं.

आधी वाटलं भास. मग मुंग्या. मग मुंग्यांची वरात! शेवळं लगेच खाजत नाहीत, माणसाला गाफील ठेवतात. "अहो, खाजतंय!" असं ओरडत मी हातात पळी घेऊन बाहेर धावले. माझ्या मागे चिंचवाले शास्त्रज्ञ. त्यांच्या मागे दार. खट्!

सलमाच्या घरात बायकांची बैठक भरली होती. मुलाची आई दुसऱ्यांदा भाजी वाढून घेत होती. "मत खाओ!" मी किंचाळले. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, पळीकडे बघितलं. मुलाची आई कौतुकानं काहीतरी बोलायला गेली आणि तिच्या तोंडून शब्दांऐवजी "ख्रॅऽऽ" असा आवाज आला. मग तिची बहीण, ख्रॅऽऽ. मग पुरुषांच्या खोलीतून, तिथेही वाढली होती ना! घर नुसतं खाकरत होतं.

पण तेव्हा त्या इमारतीनं जे केलं ते मी विसरणार नाही. खालची मल्याळी नर्स, जिचं नावही मला ठाऊक नव्हतं, हातातलं जेवण टाकून धावत आली. वरचा पाकिस्तानी ड्रायव्हर, ज्याच्याकडे बघायलाही मी घाबरायचे, तो लिंबांची पिशवी घेऊन आला. सुधाकर दुकानातून ताकाचे डबे उचलून आणत होता. कोणी कोणाला विचारलं नाही, तू कोण, कुठला. मी कोपऱ्यात बसून रडत होते, तर मुलाची मावशी, स्वतः खाकरत, मलाच पाणी पाजत होती! लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलाची आई बरंच काही विचारायच्या तयारीनं आली होती म्हणे. मुलीला काय येतं, काय नाही, आमच्या अटी काय. आता विचारणार कशी? आवाजच नाही! सलमा मात्र तिच्या पाठीवरून हात फिरवत घोट घोट ताक पाजत होती. शेवटी बाईनं सलमाकडे बघितलं, तिचा हात धरला आणि जोरजोरात मान डोलावली. लग्न ठरलं!

आठवड्याभरानं कोणी एक अनोळखी गृहस्थ दारात आला. कुवेतच्या त्या वाशिंदकर पोरानं बॅगेतलं पुडकं उघडून फळं बघितली, कोणाची तरी शेवळं अडली असतील म्हणून घरी फोन करून आमचा पत्ता काढला आणि मस्कतला येणाऱ्या या माणसाबरोबर पाठवली. सोबत निरोप होता, "काकडांबिगर शेवळं करू नका, घसा धरंल."

त्याला वाटेला लावते तोवर समोरून सलमाची आई आली. हसत होती. हातात तोच डबा. लखलखीत घासलेला आणि रिकामा!

"शादी में आना," ती म्हणाली. "पर खाली हाथ आना, बहन. लड़के की माँ ने बोला है."

मी डबा दोन्ही हातांनी घेतला आणि तिच्या गळ्यात पडले. मागे दार. खट्!

सलमाच्या आईनं एक सुस्कारा सोडला, पायातल्या चपला काढून माझ्यापुढे सरकवल्या आणि म्हणाली, "आओ." इतक्यात आतून सलमाचा घाबराघुबरा आवाज आला, "अम्मी, उसके हाथ में कुछ है क्या?"

मी डबा उघडून, उलटा करून दाखवला. तेव्हा कुठे मला घरात घेतलं.