हिरड्या बऱ्या झाल्यावर

मुंजाजी डॉक्टर रोग्याच्या तोंडात हात घालण्याआधी त्याच्या खिशात हात घालत. तंबाखूची पुडी निघाली की ती खिडकीतून थेट आमच्या गावच्या, गोरेगावच्या, बाजारात जाई, आणि रोगी "अहो डॉक्टर" म्हणाला तर पाठीत धपाटा बसे. बायकांची मिसरीची डबी ते मागून घेत आणि बुटाखाली चेचत. "हिरडी कुजून राहिली अन् तू तिला राख चोळून राहिलीस काय?" हे वाक्य रस्त्यापलीकडच्या आमच्या शाळेत, मी शिकवत असे त्या चौथीच्या वर्गापर्यंत ऐकू येई. तरी लोक त्यांच्याकडेच येत. एक तर हाताला गुण होता, आणि दुसरं म्हणजे दातांचा दुसरा डॉक्टर जवळपास नव्हता.

माझ्याही हिरड्यांतून रक्त येई. शाळा सुटल्यावर मी त्यांच्याकडे जाऊ लागलो आणि बरं झाल्यावरही जातच राहिलो. दातांवरचं कीटण खरवडून झालं की ते ग्रीन टीच्या अर्काची पूड देत. कोमट पाण्यात कालवायची, तोंडात घोळवायची, थुंकायची. "याचा अर्क हिरडीतले जंतू मारतो, गुरुजी. पण आधी खरवडणं, मग हे. नुसत्या गुळण्यानं काही होत न्हाई," असं ते बजावत. साखरा गावच्या एका म्हाताऱ्याने त्या पुडीत दूध-साखर घालून घरादाराला चहा पाजला आणि वर "लई कडू हाय हो तुमचा चहा" अशी तक्रार घेऊन आला. डॉक्टरांनी पाण्याचा तांब्या भिरकावला. तो म्हाताऱ्याला चुकवून माझ्या गुडघ्यावर बसला. लंगडत घरी गेलो, पण हसू आवरत नव्हतं.

शेवंता याच काळात येऊ लागली. तिचा नवरा गजानन कनेरगाव नाक्यावर एका ढाब्यात कामाला होता. तिच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या होत्या, बोलतानाही रक्त येई. तिने मिसरी सोडली, डॉक्टरांनी दात साफ केले, पूड ती नेमाने वापरू लागली आणि हळूहळू हिरड्या गुलाबी, घट्ट झाल्या. "गुरुजी, या इकडं, बघा!" म्हणून डॉक्टरांनी खुशीत मला त्या दाखवल्या. शेवंता लाजून हसली.

मग एका बाजाराच्या दिवशी ती तोंडाला पदर लावून आली. पदर रक्ताने भिजला होता. डॉक्टर उसळले. "परत चालू केलीस मिसरी? काहून केलीस? खोटं बोलू नको!" त्यांनी हात उगारला. शेवंता मागे सरली नाही. डोळे मिटून, मान कलती करून उभी राहिली, मार खाऊन सरावलेलं माणूस उभं राहतं तशी. डॉक्टरांचा हात खाली आला. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं आणि तोंड उघडून पाहिलं. हिरड्या निरोगी होत्या. ओठ आतल्या बाजूने दातांवर आपटून फाटला होता.

"कोणी मारलं?"

तिने पदराने ओठ टिपला. मग म्हणाली, "हिरड्या खराब व्हत्या तेच बरं व्हतं, डॉक्टर. रगत दिसलं की लोकाईला सांगता येत व्हतं, हिरड्यातून येऊन राहिलं म्हणून. तुमी त्या बऱ्या केल्या. आता काय सांगू?"

डॉक्टरांनी हातमोजेही काढले नाहीत. तसेच कनेरगाव नाक्याला जायला मोटारसायकलवर बसले. मी मागे बसलो ते त्यांना अडवायला, पण खरं सांगायचं तर मला अडवायचं नव्हतं. भरल्या ढाब्यात त्यांनी गजाननला तुडवला. नाक फुटलं, भाजीचं पातेलं कलंडलं, गिऱ्हाईकं उठून उभी राहिली. "बाईवर हात उचलतोस? आता घे, बराबर घे!" परत येताना आम्ही दोघेही खूश होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळेआधी मी डॉक्टरांकडे टेकलो होतो तेव्हा, शेवंता आली. समोरचा दात मुळाशी तुटलेला, एक डोळा मिटलेला. डॉक्टर तसेच दाराकडे निघाले. ती दारात आडवी आली.

"आता कोणाला मारायला जाऊ नका. तुमी त्याला मारता, तो मला मारतो. माझ्यासंगं पोलीस ठाण्यात चला."

ठाण्यात जमादाराने मान वर न करता विचारलं, "मिसरी लावती का? बायाच्या हिरड्यातून रगत येतंच." मला वाटलं, आता टेबल उलटं होणार. डॉक्टरांच्या मुठी वळल्याच होत्या. शेवंताने तोंड उघडलं आणि त्यांच्याकडे वळून म्हणाली, "सांगा."

त्यांनी सांगितलं, इतक्या हळू आवाजात की जमादाराला पुढे वाकावं लागलं. हिरड्या निरोगी आहेत, मी स्वतः बऱ्या केल्यात. असा दात आपोआप तुटत नाही. हा ठोशाचा मार आहे. तक्रार नोंदली गेली. शेवंता तिथूनच भावाकडे गेली ती पुन्हा नांदायला आली नाही.

डॉक्टर गेल्या वर्षी झोपेतच गेले. त्यांच्या धपाट्यांच्या गोष्टी लोक अजून हसत सांगतात, मीही सांगतो. पण त्या दिवशी शेवंता गेल्यावर ते ठाण्याच्या पायरीवर बसले होते, हे मी कुणाला सांगत नाही. आपल्या हातांकडे बघत ते म्हणाले, "काल मी त्याला मारलं नसतं, तर तिचा दात राहिला असता. व्हय ना, गुरुजी?"

त्यांचं मन राखायला मला खोटं बोलता आलं असतं. पण तिचा चेहरा मी नुकताच पाहिला होता.

"व्हय," मी म्हणालो.

डॉक्टर तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, हुंदके देऊन रडले.