हंगाम पुरा होईस्तोवर

आबा गेल्याचा फोन आला तेव्हा आम्ही खेडच्या एसटी स्टँडवर होतो. संघातल्या मुलींनी वडापावचे पुडे नुकतेच सोडले होते आणि एकीनं पाण्याची बाटली आणली नाही म्हणून मी नेहमीसारखी ओरडत होते. फोन आबांच्या सुनेचा. "मॅडम, आबा पहाटे गेले... झोपेतच." पुढे ती काय बोलली ते मला आठवत नाही. मॅच दुपारची होती. परत फिरावं तर रत्नागिरीला पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार. आणि खरं सांगते, परत फिरायचा विचार माझ्या मनात फार वेळ टिकलाच नाही. मॅच टाकून मी त्यांच्या अंगणात जाऊन उभी राहिले असते, तर त्या माणसानं तिरडीवरून उठून विचारलं असतं, "हितं काय करतेस गो बाय? पोरींना कोणावर सोडून आलीस?" मुलींना मी मॅच संपल्यावर सांगितलं. आम्ही जिंकलो होतो, पण वाईट खेळून जिंकलो होतो, आणि तसं मला तोंडावर सांगणारा माणूस आता उरला नव्हता.

आबा मयेकर हे नाव रत्नागिरीबाहेर कोणाला ठाऊक असायचं कारण नाही. ते एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक. ऐन तारुण्यात ते आमच्याच कॉलेजच्या बास्केटबॉल संघातून खेळले, पुढे नोकरीत अडकले, आणि निवृत्तीनंतर रोज सकाळी कोर्टाशेजारच्या चिऱ्याच्या कठड्यावर येऊन बसू लागले. कॉलेजनं त्यांना माजी खेळाडूंचे प्रतिनिधी म्हणून जिमखाना समितीवर घेतलं होतं, पण त्यांची खरी खुर्ची म्हणजे तो कठडा. तिथून ते खेळाडूंना, पंचांना, पावसाला आणि मुख्यतः कोचला बोलायचे. माझ्याआधीचे कोच एकापाठोपाठ एक निघून गेले ते आबांच्या जिभेला कंटाळून, असं गावात म्हटलं जायचं. आबांनी पास केलेला कोच अजून जन्माला यायचा होता.

मी मिरजेची. शाळेतली बरी नोकरी सोडून मुलींच्या संघाची कोच म्हणून इथं आले, त्याला आता सात वर्षं झाली. नेमणूक कंत्राटी, आणि दिवाळीला प्राचार्य काम बघून पुढचं ठरवणार अशी अट. वडील म्हणाले होते, "एवढ्या लांब, तेही कच्च्या नोकरीवर? चार महिन्यांत परत येशील." त्यामुळे परत जायचं नाही, एवढं मी गाडीत बसतानाच पक्कं केलं होतं. पहिल्याच सकाळी कठड्यावरून प्रश्न आला, "कुठली तू?" म्हटलं, मिरजेची. "म्हणजे घाटावरची." "हो, आणि तुम्ही घाटाखालचे." आबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "जीभ हाय," ते म्हणाले. "आता खेळ शिकवता येतो काय ता बघू."

मग गणपती आले. कोकणात गणपती म्हणजे काय हे मी ऐकून होते, पण ऐकणं वेगळं. आमची पहिली मॅच विसर्जनानंतर लगेचच होती, म्हणून मी फळ्यावर कागद लावला, की पहिला दिवस सोडून रोज सराव होईल. आबांनी तो कागद चष्मा लावून वाचला. "बाय, काढ हा. गणपतीत हितं कावळासुद्धा यायचा नाय." मी काढला नाही. मिरजेलाही गणपती असतात, आम्हीही आरत्या म्हणतो आणि खेळतोही, असं काहीतरी ठणकावून सांगितलं. सरावाला तीन मुली आल्या. त्या तिघी गावातल्याच. त्यातली सूफिया बंदराकडची, वडील कुवेतला. दोन सरींच्या मधे आम्ही चौघी ओल्या कोर्टावर घसरत होतो. तेव्हा तिनं मला विचारलं, "मॅडम, श्रावणी नाही तर मी पास देऊ कोणाला?" आणि थोड्या वेळानं, हसत हसत, "अब्बांना सुट्टी मिळाली ना, की मी पण येणार नाही हं. आत्ताच सांगून ठेवते." मला त्या वेळी ते उद्धट वाटलं होतं.

श्रावणी ही आमची सगळ्यात जास्त बास्केट करणारी मुलगी. ती राजापूरकडच्या एका वाडीतली. गौरी-गणपती करून, गालांवर मोदकांचं तेज घेऊन ती परत आली, आणि मी जाहीर केलं की ज्या सरावाला नव्हत्या त्या पहिल्या पाचात नसतील. चिपळूणच्या मॅचला श्रावणी अर्धा वेळ बाहेर बसली. आम्ही आपटलो. पुढच्या मॅचलाही मी हट्ट सोडला नाही, आणि तीही हरलो. दोन्ही वेळा आबा स्वतःचं तिकीट काढून आमच्याच गाडीनं आले होते. दुसऱ्या पराभवानंतर ते माझ्या मागच्या सीटवर बसले. रत्नागिरी जवळ आली, हातखंब्याचा फाटा आला तेव्हा पाठीमागून एकच शब्द आला. "चुकलीस."

"शिस्त नको का, आबा?"

"शिस्त हवी. पण ती पोर बापाला भेटायला गेलेली. चैन करायला नव्हे. बाप मुंबईला. वर्षातून दोनदा घरी येतो, गणपतीला नि शिमग्याला."

"मग तिनं मला सांगायचं होतं."

"तू विचारलंस?"

मी विचारलं नव्हतं. पण तेवढ्यानं माघार घेणारी मी नाही. नियम आधी सांगितला होता, तो सगळ्यांना सारखा होता, आणि ज्या तिघी चिखलात घसरून पडत होत्या त्यांच्यावर अन्याय का म्हणून, असं मी म्हटलं. आबा म्हणाले, नियम करणाऱ्यानं आधी गाव बघावं. स्टँड येईपर्यंत आमचं चालू होतं. शेवटी कंडक्टर म्हणाला, "आबा, जरा हळू, माणसं झोपलीत." आबांनी त्यालाही झापलं.

इकडे गावात वेगळंच पेटलं. घाटावरची बाई मुलींना गणपतीला गेल्याची शिक्षा देते, असं झालं ते. माजी खेळाडूंच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझ्या नावानं काय काय लिहिलं जात होतं ते मला मुलींकडूनच कळायचं. मग निवेदन निघालं, की या कोचला हंगाम संपायची वाट न बघता काढावं. सह्या भराभर झाल्या. प्राचार्यांनी जिमखाना समितीची बैठक बोलावली आणि मला सांगितलं, "मॅडम, तुम्ही हजर राहा, पण शक्यतो बोलू नका." मी मिरजेच्या गाडीची वेळ बघून ठेवली. घरी काय तोंड दाखवायचं याचा विचार करत रात्र काढली, आणि त्या निवेदनावर पहिली सही आबांची असणार याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नव्हती.

पहिली काय, त्यांची सहीच नव्हती. बैठकीत कोणीतरी तो कागद त्यांच्यापुढे सरकवला, "आबा, तुमचीच राहिलीय." आबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला आणि ओळीखाली बोट धरून सगळं निवेदन वाचलं. "मजकूर बरोबर हाय," ते म्हणाले. "बाय चुकली. मी तिला एसटीत सांगितलं, आख्ख्या गाडीनं ऐकलं. पण मला सांगा, ह्या कागदावर जेवढी नावं हायत, त्यातला एक तरी सकाळी कोर्टावर दिसला काय? मी रोज असतंय. मला तर कोण दिसला नाय."

कोणी म्हणालं, निकाल तर दिसतोय ना.

"निकाल पेपरात दिसतो. कोच कोर्टावर दिसतो. दोन मॅचवर माणूस जोखता? गाडीला नवं इंजिन बसवलं की पहिले चार दिवस ता तापतं, आवाज करतं. म्हणून आम्ही काय भंगारात टाकत होतो?" मग आबांनी कागद परत सरकवला. "हंगाम पुरा होईस्तोवर थांबा. मंग काढायची असेल तर पहिली सही माझी. पेन घरून घेऊन येईन."

समिती थांबली. थांबायचं कारण त्यांना पटलं म्हणून नव्हे, तर आबांशी वाद घालण्याचा दम कोणात नव्हता म्हणून, असं मला आजही वाटतं. मी त्यांना गाठून आभार मानायला गेले तर म्हणाले, "आभार कसले? चुकलीस ती चुकलीसच. पण तुला काढली तर मी उद्यापासून बोलू कोणाला?" त्या संध्याकाळी खोलीवर येऊन मी खूप रडले. आनंदानं नाही, रागानं. आपल्याला चुकीचं म्हणणाऱ्या माणसाच्या जिवावर आपली नोकरी वाचावी, हे गिळायला मला फार जड गेलं.

पण वाचलेली नोकरी मी वाया घालवली नाही. दुसऱ्या दिवशी श्रावणीला बाजूला घेऊन बसले आणि जे आधी विचारायचं ते विचारलं. ती खाली बघून म्हणाली, "पप्पा दोनदाच येतात, मॅडम. मी नसले तर ते कोणाशी बोलत पण नाहीत." मग मी तिला म्हटलं, गणपतीला जायचं, दरवर्षी जायचं, पण बुडलेला सराव फुकट माफ होणार नाही. पुढच्या वर्षीपासून आपण जुलैत सुरू करू. तिचे डोळे मोठे झाले. "जुलैत कोर्टावर शेवाळ असतं!" म्हटलं, खरवडू.

त्या हंगामातल्या उरलेल्या मॅचपैकी एक आम्ही जिंकलो, बाकी हरलो. आकडे बघून कोणीही मला काढलं असतं. दिवाळीच्या आधीच्या बैठकीला आबा आले, आणि मी चोरून त्यांच्या खिशाकडे बघितलं. पेन नव्हतं. "पोरी आता एकमेकींकडे बघून खेळतात," एवढंच ते प्राचार्यांना म्हणाले, आणि चहा पिऊन निघून गेले. त्यांच्याकडून सात वर्षांत ऐकलेली ही एवढीच स्तुती, आणि तीसुद्धा माझी नव्हे, पोरींची.

पुढची वर्षं सांगत बसले तर ज्या पुरवणीसाठी हे लिहितेय तिची पानं पुरायची नाहीत. जुलैच्या धो धो पावसात आम्ही तारेचे ब्रश घेऊन शेवाळ खरवडतोय आणि आबा छत्री घेऊन कठड्यावरून "त्या कोपऱ्यात राहिलं गो!" म्हणून ओरडतायत, हे दृश्य सगळ्या कॉलेजनं पाहिलंय. एका गणपतीत मी श्रावणीच्या घरी गेले. तिचे वडील अगदीच अबोल. माझ्या ताटात मोदक वाढून त्यांनी हळूच विचारलं, "मॅडम, पोरगी पास देते ना?" चेंडू हातात आला की न सोडणाऱ्या पोरीच्या बापाचा हा प्रश्न परत आल्यावर आबांना सांगितला, तर ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. नंतरच्या वर्षांत आम्ही एकदा विभागीय अंतिम सामन्यापर्यंत गेलो. तिथं हरलो, आणि आबांनी परतीच्या वाटेवर माझ्या चुका गाडीत मोठ्यानं मोजल्या. मी प्रत्येक चुकीला उत्तर दिलं.

शेवटचे काही महिने त्यांना कठड्यापर्यंत येववेना. मग मीच संध्याकाळी त्यांच्या घरी जायचे. सून चहा ठेवायची, आणि आबा कॉटवर उशाला टेकून मॅचचा सगळा वृत्तांत ऐकायचे. आवाज बारीक झाला होता, पण मत नाही. आमच्या शेवटच्या भेटीत मधेच म्हणाले, "ती चिपळूणची मॅच..."

"आबा, सात वर्षं झाली त्याला."

"म्हणून काय झालं? चुकलीस."

"नाही चुकले. नियम तो नियम."

"चुकलीस गो." आणि त्यांनी माझा हात थोपटला. मी हात काढून घेतला नाही, पण मुद्दाही सोडला नाही. आता कधीकधी वाटतं, त्या संध्याकाळी 'हो' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं... पण नाही. मी हो म्हटलं असतं तर त्यांना वाटलं असतं की ही आपल्याला आजारी समजते. मला आबांची आठवण येते, फार येते. वडील गेले तेव्हा त्यांची यायची तशीच.

त्यांना जाऊन आता दीड महिना होत आला. यंदा मुलांच्या संघाला नवा कोच आलाय, लातूरकडचा, तरणाताठा, कोणाचं फारसं न ऐकणारा. तो मुलांना सतत लांबूनच बास्केट मारायला लावतो. आत घुसायचं नावच नाही. पहिल्या दोन्ही मॅच हरले. परवा एक माजी खेळाडू माझ्याकडे निवेदन घेऊन आला. "मॅडम, तुमची सही असली तर वजन येईल." मी ते पूर्ण वाचलं. मजकूर बरोबर होता. मी त्याला एवढंच विचारलं, की बाबा, सकाळी कोर्टावर शेवटचा कधी आला होतास? मी कागद त्याच्या हातात परत दिला.

काल सकाळी माझ्या मुलींचा सराव नव्हता, तरी मी कोर्टावर गेले. मुलांचा सराव पूर्ण पाहिला, आणि तो संपल्यावर त्या कोचला हाक मारली. म्हटलं, "सर, तुम्ही चुकताय." त्याचे कान लाल झाले. "म्हणजे तुम्हीही सही केलीत तर." म्हटलं, सही केली नाही आणि हंगाम संपेपर्यंत करणारही नाही, पण तुमचं चुकतंय ते चुकतंय, आणि मी ते दुसऱ्या कोणाला नाही, तुम्हालाच सांगणार. तो छाती पुढे काढून भांडायलाच लागला. लांबूनच का मारायचं, आमची मुलं उंचीला कशी कमी पडतात, मला मुलांच्या खेळातलं काय कळतं, सगळं त्यानं ऐकवलं. तो एक पाऊल मागे हटला नाही. मीही नाही. ऊन चढलं, मुलं पाणी पिऊन निघून गेली, लेक्चरची घंटा झाली तेव्हा कुठे आम्ही थांबलो. जाताना मी त्याला सांगितलं, उद्या सकाळी परत येणार आहे.