बाजरीवरच्या फिती

राजुरीतल्या लग्नांचं व्हिडिओ शूटिंग पंधरा वर्षं जुन्नरच्या कमरुद्दीननंच केलं, माझ्या लग्नाचंसुद्धा. स्वतःच्या घरात मात्र त्यानं मुलीचंच शूटिंग केलं. अफिफाच्या सहा कॅसेटी भरल्या आणि नवव्या वर्षी पोर काविळीनं गेली.

२००७ साली कॅसेटींना बुरशी लागली. त्यानं दुकानात ब्रॉडबँड घेतलं आणि कॉम्प्युटरात मावेना म्हणून चार महिने खपून सगळं इंटरनेटवर एका परदेशी कंपनीच्या फुकटच्या जागेत चढवलं. मग रोज संध्याकाळी तो आणि त्याची बायको जहाँआरा कॉम्प्युटरवर अफिफाला बघायचे. चित्र अडकत अडकत यायचं, तरी दोघं हलायची नाहीत.

त्या साली माझ्या बाजरीवर पाखरं तुटून पडली. शेतावर कॅसेटची फीत ताणली की वाऱ्यानं घुमते आणि पाखरू बसत नाही. मी मागितल्या, तर त्यानं पोतंभर कॅसेटी दिल्या, लग्नांच्या आणि त्यातच अफिफाच्याही.

"घेऊन जा संपतभाऊ, आता सगळं इंटरनेटवर हाय."

पुढच्या साली ती कंपनी बंद पडली आणि तिथलं सगळं पुसलं गेलं. दोन महिने आधीपासून ईमेल येत होते. इंग्रजी आहेत म्हणजे जाहिरातीच असणार, असं धरून या शहाण्यानं एकही उघडला नव्हता.

तो धावत शेतावर आला. बाजरी कधीच निघाली होती. बांधावरच्या बाभळीला फितीचा एवढासा तुकडा अडकला होता, तो वाऱ्यानं घुमत होता. कमरुद्दीननं त्याला कान लावला.

"ही तिचीच असंल का, भाऊ?"

मी हो म्हणालो. मला काय ठाऊक?