चिमटीतला वायसर

किश्श्यांचं आमच्या वायसरच्या डब्यासारखं असतं. पाहिजे तो सोडून बाकी सगळे हाताला लागतात! नगरच्या एमआयडीसीत आमचं विजेच्या मोटारी दुरुस्तीचं वर्कशॉप, मी तिथला सुपरवायझर, आणि डब्यातले निम्मे किस्से एकट्या दत्तूचे. दत्तू काष्टीचा, आमचा फिटर. मोटारीचा शाफ्ट मागंपुढं जास्त हलला की ठकठक वाजतो, हलायला जागाच नसली की जाम होतो. मध्ये नेमक्या जाडीचा वायसर बसवायचा, हे त्याचं काम.

*

जाडी तो चिमटीत धरून सांगतो. मी हौसेनं जाडी मोजायचा नवाकोरा मायक्रोमीटर आणला. दत्तूनं वायसर चिमटीत धरला, "पाऊण एमएम." मायक्रोमीटर लावला, तर पाऊणच!

म्हणाला, "मशीन चांगलं हाय साहेब. बरोबर सांगतंय!"

*

एक गिऱ्हाईक लई ताठ. "शाफ्ट तसूभरही हलता कामा नये!" दत्तूनं गुपचूप एकावर एक तीन वायसर ठोकले. बटण दाबलं, मोटार नुसती हूंऽऽ करत बसली. गिऱ्हाईक भडकलं.

दत्तू शांतपणे म्हणाला, "हलतोय का शाफ्ट? न्हाई ना? मग!"

*

पण कुठलीही ठकठक टिपणाऱ्या कानापायी बिचाऱ्याचं लग्न अडलं होतं. मुलगी बघायला जायचा आणि लक्ष कुठल्यातरी ठकठकीकडं. एका घरी तर स्टुलावर चढून पंखाच उतरवला! सगळ्यांनी उकाड्यात पोहे खाल्ले. त्या घरून पुन्हा निरोप आला नाही. त्याची आई रडकुंडीला आली, "साहेब, औंदा तुमीच ह्याच्यासंगं जावा."

*

गेलो संगमनेरला. गाडीतच दत्तूला आईची शपथ घातली, काहीही वाजलं तरी बोलायचं नाही. जाऊन टेकलो न टेकलो, आत मिक्सर सुरू. ठक ठक ठक! दत्तूनं दोन्ही हातांनी सोफा धरला. मुलगी चहा घेऊन आली, अश्विनी नाव. स्थळ आणणारे तिचे मामा म्हणाले, "विचारा काही विचारायचं तर."

"मिक्सर कधीपास्नं वाजतोय?"

झालं! मी कपाळाला हात लावला.

अश्विनी म्हणाली, "सकाळपासून. मीच खोलून आतला वायसर काढलाय. मामा ह्यांच्या कानाचं लई सांगत होते. म्हटलं, बघावं तरी!" आणि ट्रेमधल्या बशीतला वायसर तिनं पुढं केला.

दत्तूनं चिमटीत धरला. "पाऊण एमएम."

"एक," ती म्हणाली.

दत्तूनं परत चिमटीत फिरवला. मग माझ्या कानाशी वाकला, "साहेब, मायक्रोमीटर आनलाय का?"