फ्लेक्सवरच्या सासूबाई

लग्नसराई संपेपर्यंत तुझं काय ते चालव, मग खोली रिकामी कर, असं आमच्या ह्यांनी मला सांगून टाकलं होतं. ओट्याला लागून असलेली पुढची खोली. तिथं मी स्क्रॅपबुकं करायचे. जाड कागदावर फोटो, भोवती वाळवलेली फुलं, पत्रिकेचा कोपरा, बस्त्यातल्या साडीची चिंधी, खाली हातानं लिहिलेल्या दोन ओळी. ह्यांना तिथं शेतातल्या ठिबकच्या नळ्यांची बंडलं ठेवायची होती. खोली गेली की माझा धंदा पलंगाखालच्या पेटीत जाणार, हे मला पक्कं माहीत होतं.

पण ऑर्डर येईल तर शपथ! स्टेटस ठेवून ठेवून बोटं झिजली. बघणारे रग्गड, विचारणारं कुणी नाही. नारायणगावात एका मंगल कार्यालयात नमुने मांडून बसले, तर नवरीच्या मावश्यांनी हौसेनं पानं उलटली आणि म्हणाल्या, "लई भारी! आमची पोरगी शाळेत असलंच करती." शाळेत! अशी तिडीक गेली डोक्यात.

शेवटी ठरवलं, वारूळवाडीच्या फाट्यावर फ्लेक्सच लावायचा. नमुन्याला सासूबाईंचा फोटो घेतला. जन्मात कधी कॅमेऱ्यापुढं न हसलेली बाई माझ्यासाठी हसली. "तुजा धंदा चालत आसल तर काढ बाई," म्हणाल्या. फोटोभोवती शेवंतीच्या पाकळ्या, खाली मी लिहिलं, 'आठवणी सदैव जपू'. फोन नंबर पार तळाला. फ्लेक्सवाल्यानं आपल्या मनानं दोन्ही बाजूंना एकेक समई टाकली. का, विचारलं तर म्हणे, "मोकळं मोकळं वाटत व्हतं, ताई." मलाही ते छान दिसलं. आमच्याकडं म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा फोटो, फुलं, समया आणि आठवणी चौकात लागल्या की त्याचा अर्थ एकच असतो. शेंबड्या पोराला कळतं ते. मला कळू नये?

सकाळी फ्लेक्स लागला. कुणीतरी त्याचा फोटो ग्रुपवर टाकला आणि दुपारपर्यंत तो दोन तालुके फिरून आला. माझं स्टेटस कधी कुणी पुढं पाठवलं नव्हतं.

सासूबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. दारात जीप थांबली. अवसरी बुद्रुकहून त्यांची भावजय आली होती. उतरली ती डोळ्यांना पदर लावून, हंबरडा फोडतच. मागं बायका, त्यांच्या हातात पिठलं-भाकरी. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून आणलेली. सासूबाईंना वाटलं, आपला भाऊच गेला. मेथी तिथंच टाकून त्या धावल्या, भावजयीच्या गळ्यात पडल्या आणि "माज्या दादा रं!" म्हणून रडायला लागल्या. आमची रीतच तशी. आधी गळ्यात पडायचं, विचारायचं मागून. दोघींचा चांगला सूर लागल्यावर सासूबाई म्हणाल्या, "कवा गेला गं दादा?"

भावजयीनं पदर खाली घेतला आणि बघतच राहिली. "अवं वन्सं, तुमचं दादा मागनं मोटरसायकलवर येत्यात. गेलाय तर तुमी!"

संध्याकाळपर्यंत माणसं येतच राहिली. पिंपळवंडीचे पाहुणे टोप्या घालून आले. प्रत्येकाला जित्या सासूबाई दाखवायच्या, चहा पाजायचा, फ्लेक्स कशाचा ते सांगायचं. जो तो म्हणायचा, "बरं झालं, आयुष्य वाढलं." पण स्क्रॅपबुक म्हणजे काय, हे एकानंही विचारलं नाही राव! फ्लेक्सवरच्या नंबरावर एकच फोन आला, दहावा कुठल्या घाटावर आहे ते विचारायला. मला स्वतःचाच एवढा राग आला की रडूच फुटलं.

हे आले ते तणतणतच. "माझ्या आईला चौकात मारून ठेवलीस! बास झालं आता. उद्याच बंडलं आणतो. आवर तुझं सगळं."

मी गोंदाची बाटली उचलली, कात्र्या गोळा करायला लागले.

सासूबाई आल्या आणि खोलीच्या उंबऱ्यावरच बसल्या. "बंडलं कुणाला इचारून आनतो?"

"आई, बघितलंस ना आज काय झालं?"

"बघितलं की. दिसभर येनारा-जानारा मला मेलेली धरून व्हता. तू बी धरतो का? मी हाये अजून. खोली माजी हाये. कुनाला द्याची ते मी ठरवीन."

मी हातात कात्री धरून तशीच उभी. सासूबाई माझ्यावरच खेकसल्या, "आन तू काय रडत बसलीस? जा, आदी मला फाट्यावरनं खाली उतरव."