कुलूपबंद दारापुढची शिट्टी

तो आमच्या शेवगावातल्या तरुण मंडळाचा कबड्डी शिकवणारा. करोनात मैदान बंद झालं, तेव्हा तो पोरांना घेऊन आजारी घरांत डबे पोचवू लागला. डबा उंबऱ्यावर ठेवायचा, मागं सरून शिट्टी फुंकायची. आतून ताट वाजलं की माणूस ठीक आहे असं समजायचं.

आता मैदान पुन्हा भरतं. तरी कुणाच्याही दारात तो मागं सरूनच उभा राहतो, कान आत लावून. माझ्या शेजारच्या मावशी त्या साथीतच गेल्या. त्यांच्या कुलूपबंद दारापुढं तो अजून रोज हलकीशी शिट्टी फुंकतो.

एकदा मी वैतागून म्हणालो, "अहो, आत कुणी नाही."

"ठावं हाय की," तो म्हणाला. "म्हणून तर हळू फुंकतो. जोरात फुंकली की ताट वाजतं."