मावशींच्या पेशी

आई गेल्यावर डिलाईल रोडच्या खोलीत मी एकटीच राहिले. भाऊ लग्नानंतर विरारला गेला होता, शेजारच्या दोन खोल्यांना कुलपं होती. परळच्या एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत मी टेक्निशियन आहे. तिथे आम्ही माणसाच्या पेशी वाढवतो. दर दोन दिवसांनी त्यांचं खाणं बदलावं लागतं, मग रविवार असो की दिवाळी. सुट्टीच्या पाळ्या हळूहळू माझ्याकडेच आल्या. "तुला काय, घरी कोण वाट बघतंय?" असं एक सहकारी सहज बोलून गेली. ते खरंच होतं, म्हणून मी हसले.

आमचं काम गुडघ्यांवरचं. सांध्यातली कूर्चा, हाडांमधली मऊ गादी, झिजली की ती पुन्हा भरत नाही. तिथे स्टेम सेल सोडून बघतात, पण नुसत्या सोडल्या तर बऱ्याचशा थोड्याच दिवसांत मरतात. म्हणून आम्ही त्या जेलच्या बारीक मण्यांत बंद करतो. बाहेरचं अन्न आत जातं, पेशींनी सोडलेली सूज उतरवणारी द्रव्यं बाहेर येतात, पेशी मात्र आतच राहतात. अजून हे सगळं प्रयोगशाळेतच चाललंय.

पेशी मिळतात पेशंटकडून. गुडघा बदलताना वाटीखालची थोडी चरबी काढतात, तिच्यात या पेशी असतात. ती फेकण्याऐवजी आम्हाला द्याल का, हे विचारायला मी आदल्या दिवशी वॉर्डात जाते. तिथेच मावशी भेटल्या. कफ परेडच्या मच्छीमार नगरातल्या, सत्तरीच्या, जन्मभर उकिडवं बसून मासळी निवडून दोन्ही गुडघे गेलेल्या. मी फॉर्म वाचून दाखवला.

"फेकणारच ना? मग घे की," त्या म्हणाल्या. "पण त्याचं पुढं काय झालं ते मला सांगायचं."

नमुन्याला फक्त नंबर असतो, कुणाचं काय झालं हे कळवायचं नसतं. तेही फॉर्ममध्ये मीच वाचून दाखवलं होतं. तरी मी "हो" म्हटलं आणि कागदाच्या चिठोऱ्यावर माझा मोबाईल नंबर लिहून दिला.

पहिला फोन दोन आठवड्यांनी आला, रविवारी सकाळी. मी प्रयोगशाळेतच होते.

"काय गो, जगतंय का माझं?"

"जगतंय मावशी. वाढतंय. तुमचा गुडघा?"

"लोखंडी झालाय. वाकतोय मस्त. तू जेवलीस काय?"

दहा वाजले होते. मी हो म्हटलं. जेवलीस का, असं मला कित्येक महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं.

मग दर रविवारी फोन यायला लागला. पेशी मण्यांत घातल्या तेव्हा मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. मणी समुद्रातल्या शेवाळापासून काढलेल्या जेलचे, हे ऐकून त्या खूप हसल्या. "म्हणजे जाळीत कोंडलेली शेवंडं पाण्यात सोडून ठेवतो तसं. पाणी आतबाहेर, शेवंड तिथंच. मग ते मरत नाही." शेवंड म्हणजे लॉबस्टर, एवढं मला ठाऊक होतं. प्रयोगशाळेतल्या साहेबांना समजावताना मला इतकं नीट कधी जमलं नव्हतं.

पण ती बॅच टिकली नाही. वयस्कर माणसाच्या पेशी मुळात दमलेल्या असतात. मण्यांत घातल्यानंतर दुसऱ्या आठवड्यात रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर हिरवं जवळजवळ काहीच नव्हतं, सगळं लाल. लाल म्हणजे मेलेल्या. वहीत नोंद करून मी पेशींची डबी निर्जंतुक करून टाकून दिली. असं नेहमीच होतं.

त्या रविवारी फोन वाजला. "जगतंय काय गो?"

"हो मावशी," मी म्हटलं.

पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी त्या म्हणाल्या, "एक दिवस मला दाखव." बघू, असं म्हणून मी फोन ठेवला. त्याच आठवड्यात शनिवारी कामावरून सुटल्यावर मी मच्छीमार नगरात गेले. मावशी घरासमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या, पुढे काठ्यांवर बोंबील वाळत होते. मला बघून त्या कुणाचाही आधार न घेता उठल्या.

"मावशी, तुमच्या पेशी गेल्या," मी म्हटलं. "तीन आठवडे झाले."

"तीन?" त्यांनी बोटांवर मोजलं. "मग जगतंय म्हणून सांगितलंस ते?"

"खोटं सांगितलं. खरं सांगितलं असतं तर तुम्ही फोन कशाला केला असता?"

त्या परत खुर्चीत बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "माझा नवरा बोटीवरून परत आला नाही," त्या म्हणाल्या, "तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तरी आठ दिवस सांगत राहिले, येईल, येईल. मी आठ दिवस धक्क्यावर बसले. मेलेलं जगतंय म्हणून कुणाला सांगू नये, बाय."

त्यांनी सुनेला हाक मारून मला चहा द्यायला लावला. चहा होईपर्यंत आम्ही दोघी बोंबलांकडे बघत बसलो. निघताना त्या "सांभाळून जा" म्हणाल्या. "परत ये" नाही म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मी मोबाईल टेबलावर समोर ठेवून काम करायचे. दीड महिन्यानं मीच लावला. नातीनं उचलला.

"आजी बाजारात गेलीये. आता रोज जाते. कोण बोलतंय म्हणून सांगू?"

कोण म्हणून सांगणार होते?

"हॉस्पिटलमधून," मी म्हटलं. "गुडघा कसा आहे, एवढंच विचारायचं होतं."

"एकदम मस्त," ती म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.